त्या मंगळवारची गैरहजेरी

वन्सं, काल तुमच्या शोकसभेत मी एक वाक्य जास्त बोलले, आणि आज भर दिवसा दाराला कडी लावून बसले आहे. तुम्ही असता तर हसला असता. म्हणाला असता, "वहिनी, कडी कसली लावता? येणारा येतोच, आणि त्याला चहा द्यायला तुम्हालाच परत उठावं लागतं."

हे लिहिते आहे ऋता आणि निखिलसाठी, पण बोलते तुमच्याशी. जे काही नीट मांडायचं असेल ते आधी तुम्हाला सांगून बघायचं, ही माझी चाळीस वर्षांची सवय आहे. एका घरात राहून आपण शेवटपर्यंत एकमेकींना 'तुम्ही'च म्हणत राहिलो. तिकडे अमेरिकेत मुलांना याचं फार नवल वाटतं.

माझ्या मुलानं, सतीशनं, त्यांना तुमच्यावरचं वर्तमानपत्रातलं कात्रण पाठवलं. रविवारी फोनवर ऋता म्हणाली, "आजी, यात लिहिलंय की अक्काआजी सगळ्यात महत्त्वाच्या मतदानाला आलीच नव्हती. का गं? घाबरली होती का?" मी म्हटलं, "सविस्तर लिहून कळवते." आपला फोन कोणी ऐकत नसतं, हे मला कळतं. तरी ते फोनवर सांगवेना.

तर मुलांनो, आधी हे समजून घ्या. तुमची अक्काआजी, म्हणजे तुमच्या आजोबांची धाकटी बहीण, विधानसभेत विरोधी बाकांवर बसायची. विरोधी बाकांवरच्या माणसाचं मत बहुतेक वेळा हरणारंच असतं. पहिल्या अधिवेशनानंतर मी त्यांना विचारलं होतं, "हरणारच आहे हे माहीत असताना हात वर करायला जायचं तरी कशाला?" तेव्हा त्या पोळीचा तुकडा मोडत म्हणाल्या, "हरलेलं मतसुद्धा मोजतातच की, वहिनी. छापून येतं. कोण कुठं उभं होतं ते राहतं."

ते राहावं म्हणून मी वह्या केल्या. एक प्रश्नांची, एक भाषणांची, एक मतांची. वन्सं मुंबईहून यायच्या, पिशवीतून छापील कामकाजाचे गठ्ठे काढायच्या आणि मी ते वाचून वहीत उतरवायची. मी इंग्रजी घेऊन बी.ए. झालेली, वीस वर्षं मुलींच्या शाळेत शिकवलेलं. सभागृहाच्या नियमांचं पुस्तक मी कादंबरीसारखं वाचलं. त्यांना त्याचा कंटाळा. प्रश्न त्यांना तोंडी सुचायचा, खणखणीत सुचायचा, पण कागदावर आला की नियमात बसायचा नाही आणि परत यायचा. मी लिहायला लागल्यापासून त्यांचे प्रश्न स्वीकारले जाऊ लागले. याचा मला गर्व होता. हे मुलांना आज सांगायलाच हवं, कारण पुढचं सगळं त्या गर्वातून झालं.

वन्सं, तुमची ती रीत आठवते? अधिवेशन संपलं की वरच्या खोऱ्यात बाजाराच्या गावी जायचं, भाजीवाल्यांच्या ओळीत एका रिकाम्या खोक्यावर उभं राहायचं आणि माझी वही उघडून वाचायचं. अमुक विधेयक, विरोधात मत. अमुक ठराव, बाजूनं मत. अमुक प्रश्न, उत्तर मिळालं, खोटं मिळालं. वांगी निवडता निवडता बायका ऐकायच्या. एकदा एका म्हातारीनं हटकलं होतं, "आवं ताई, परत्येक येळी इरोधातच व्हय? एकांदं तरी गोड बोलावं माणसानं." तुम्ही म्हणाला होता, "शाळेच्या बिलाला गोड बोलले की, आजी. पान उलटू द्या."

आता रामभाऊंचं सांगते. हे त्यांचं खरं नाव नाही. गावाचं नाव मी लिहीतच नाही.

वरच्या खोऱ्यातली काही गावं धरणात गेली. त्या लोकांना जमिनी मिळाल्या त्या खाली, सांगलीच्या हद्दीत. वर होती तोवर ती माणसं तुमची मतदार होती. खाली गेल्यावर त्यांचं मत दुसऱ्या मतदारसंघात गेलं. तरी ती तुमच्याकडेच यायची. रामभाऊ त्या खालच्या गावचे कोतवाल. कोतवाल म्हणजे गावकामगार तलाठ्याच्या हाताखालचा माणूस. दवंडी द्यायची, तालुक्याच्या कचेरीतून टपाल आणायचं, साहेब आले की पाणी द्यायचं. त्यांच्या वडिलांनी छप्पन साली बौद्ध धम्म घेतला होता आणि मुलाला सातवीपर्यंत शिकवलं होतं. म्हणून टपाल नेता नेता रामभाऊ ते वाचायचे.

एका दुपारी आपल्या स्वयंपाकघरात पाटावर बसून ते म्हणाले, "ताई, कागदावर समद्यांस्नी जमिनीचा ताबा मिळालाय. पर नांगर गावच्या मोठ्या घरचाच चालतोय. ताबापावतीवर धोंडिबाचा अंगठा हाय. धोंडिबा त्याच्या आधीच दोन वर्सं मेलाय. त्याच्या सरणाची लाकडं म्याच वाहिली."

तुम्ही ताटावरून उठलात. मी वही आणली.

प्रश्न मी लिहिला. मेलेल्या माणसाच्या अंगठ्यानं जमिनीचा ताबा दिल्याचं दाखवलं, हे खरे आहे काय? आणि खाली त्या पावतीचा आवक क्रमांक घातला. कचेरीत आलेल्या प्रत्येक कागदावर जो नंबर टाकतात तो. रामभाऊंनी तो पाठ केला होता.

तुम्ही विचारलं होतं, "नंबर कशाला, वहिनी?"

मी म्हटलं, "नंबर नसला की 'हे खरे नाही' असं लिहून मोकळे होतात. नंबर असला की कागद काढून दाखवावा लागेल."

"घाला मग. तुम्हाला त्यातलं कळतं."

मला त्यातलं काहीच कळत नव्हतं, वन्सं. मला नियमांचं पुस्तक पाठ होतं. पण मुंबईत विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मुंबईत नसतं, हे माझ्या ध्यानात आलं नाही. प्रश्न खात्याकडे जातो, खात्याकडून जिल्ह्याला, जिल्ह्याकडून तालुक्याला, आणि शेवटी ज्याच्याबद्दल विचारलं त्याच्याच टेबलावर माहितीसाठी येतो. तो नंबर तीनच माणसांना माहीत असणार. कारकून, तलाठी आणि टपाल वाहणारा कोतवाल. आणि ते पाकीट तालुक्याहून गावात कोणी आणलं? रामभाऊंनी. स्वतःच्या पिशवीतून, सायकलवर. तलाठ्यानं ते त्यांच्यासमोर फोडलं आणि मोठ्यानं वाचलं.

अधिवेशन चालू होतं. शनिवार-रविवार म्हणून तुम्ही घरी, कऱ्हाडला आला होता. रविवारी बाजाराची पिशवी घेऊन रामभाऊ दारात उभे राहिले. आत येईनात. मी म्हटलं, "या ना." तर म्हणाले, "बाई, धुराचा वास येतोय अंगाला." शुक्रवारी दुपारी त्यांची कडब्याची गंजी पेटली होती. रणरणत्या उन्हात, सगळ्या गावाच्या देखत, आणि विझवायला कोणी आलं नव्हतं. शनिवारी मोठ्या घरची दोन माणसं येऊन सांगून गेली होती, "मंगळवारी इचारू दे तुझ्या ताईला. मंग घरात कोण ऱ्हातंय बघू."

मंगळवारी तो प्रश्न यादीत होता, आणि नशिबानं वरच्या क्रमांकावर. त्याच दिवशी दुपारी त्याच खात्याच्या खर्चावर विरोधी पक्ष मतविभागणी मागणार होता, म्हणजे नावानिशी मतं मोजायला लावणार होता. तशी मागणी करा, हे आधी तुम्हीच पक्षाच्या बैठकीत भांडून मंजूर करून घेतलं होतं.

"ताई, परश्न माघारी घ्या," रामभाऊ म्हणाले. "मी पाया पडतो."

त्या क्षणी माझी मान वर होईना. तुम्ही माझ्याकडे पाहिलंही नाही. मुद्दाम पाहिलं नाही, हे मला तेव्हाच कळलं.

तुम्ही म्हणाला, "रामभाऊ, आज एक गंजी पेटवून एक प्रश्न मागं गेला, तर उद्या दहा पेटतील. प्रश्न राहू दे. पण मंगळवारी मी मुंबईला नसेन. तुमच्या दारात असेन."

"आन् इचारणार कोण?"

"माझ्या बाकावरचा गडी विचारेल. मी चिठ्ठी देते त्याला."

सोमवारी चिठ्ठी माणसाबरोबर मुंबईला गेली. मंगळवारी पहाटेच्या एसटीनं तुम्ही खाली गेला. मी येते म्हटलं, तर म्हणाला, "तुम्ही फोनजवळ बसा." मी बसले. दिवसभर. प्रत्येक घंटीला वाटायचं, आता सांगतील. काय सांगतील, ते मनात पुरतं येऊच द्यायची नाही मी.

तुमच्या बाकावरच्या गड्यानं प्रश्न विचारला नाही. पुकारा झाला तेव्हा तो जागेवर नव्हता. कुठं होता ते त्यानं कधी सांगितलं नाही. पुढं छापील उत्तर आलं: हे खरे नाही, त्यामुळे पुढचा प्रश्न उद्भवत नाही. मतविभागणी झाली, हरलो, आणि यादीत तुमच्या नावापुढं गैरहजर लागलं.

रामभाऊंच्या घराला मात्र त्या दिवशी कोणी हात लावला नाही.

नंतरचं मला जास्त भीतीचं वाटतं, कारण ते संपलंच नाही. पक्षानं खुलासा मागितला. तुम्ही लिहून दिलंत, "घरगुती कारण." बाजारात खोक्यावर उभं राहून तुम्ही वही वाचलीत आणि त्या ओळीवर आल्यावर, आवाज जराही न बदलता, "त्या दिवशी मी गैरहजर होते," असं म्हणालात. मागून कोणीतरी ओरडलं, "कुठल्या पाव्हण्याकडं जेवाय गेल्तासा, ताई?" हशा पिकला. मी दोन हातांवर, पिशवी धरून उभी होते. मला एवढंच म्हणायचं होतं की थांबा, चूक माझी आहे. मी पिशवीचे बंद घट्ट धरले.

परतताना मी म्हटलं, "सांगून टाका ना."

"मोठ्या घरच्यांना सगळं माहीत आहे, वहिनी. पण कागदावर नाही. मी सांगितलं की ते कागदावर येतं. सरकारी कागद फोडला म्हणून रामभाऊंची नोकरी जाईल. नोकरी गेली की मग त्यांना कोण विचारतंय?"

"आणि तुमचं नाव?"

"माझ्या नावाला गंजी नाही."

यावरून आपण पाच वर्षं भांडलो. पुढच्या निवडणुकीत पक्षानं तुम्हाला तिकीट दिलं नाही, त्या दिवशी मी भांडले. वर्तमानपत्रात कोणी 'पळपुट्या' लिहिलं, त्या दिवशी भांडले. तुम्ही दर वेळी तेच म्हणायचा, "त्यांची नोकरी संपू दे." पण पाच वर्षांत एकदाही, रागानं नाही, थट्टेनं नाही, आजारपणाच्या ग्लानीतही नाही, 'तो नंबर तुम्ही घातला होता' असं तुम्ही म्हणाला नाहीत. मी वाट पाहायची. म्हणाला असता तर मला रडता आलं असतं. तुम्ही मला माफ केलं होतं की तुमच्या लेखी माफ करण्यासारखं काही घडलंच नव्हतं, हे विचारायचं राहिलं.

आणि तुम्ही गेला. रामभाऊंच्या नोकरीचं अजून दीड वर्ष बाकी असताना.

शोकसभेत पक्षाचे अध्यक्ष बोलले. चांगलं बोलले. शेवटी म्हणाले, "त्या एका गैरहजेरीचा डाग सोडला, तर ताईंचं जीवन धुतल्या तांदळासारखं होतं." मग कोणीतरी माझ्यापुढं माईक धरला. दोन शब्द बोला म्हणाले. मागं पाण्याच्या पिंपाशी रामभाऊ उभे होते. आमची नजरानजर झाली. त्यांनी हळूच नकारार्थी मान हलवली. मी पाहिलं, वन्सं. मी ते स्पष्ट पाहिलं.

तरी मी बोलले. "त्या दिवशी वन्सं गैरहजर राहिल्या त्या माझ्या चुकीमुळे." एवढ्यावर थांबायला हवं होतं. पण पाच वर्षं दाबून ठेवलेलं एवढ्याशा वाक्यात मावेना. म्हणून पुढचं आलं: "ती चूक ज्याच्या जिवावर बेतली, त्याच्या दारात त्या दिवसभर बसून होत्या."

मी मान वर केली तेव्हा पिंपाशी कोणी नव्हतं.

आज सकाळी ते वाक्य छापून आलं. आणि दुपारी पांढऱ्या कपड्यांतले दोघे जण सांत्वनाला म्हणून आले. मोठ्या घरचे. मी त्यांना याआधी फक्त लांबून पाहिलं होतं. फार अदबीनं बसले. चहा दिला तर कप दोन्ही हातांनी घेतला. थोरला म्हणाला, "ताई लय मोठ्या मनाच्या हुत्या, काकी. काल तुमी बोललात ते ऐकलं. कुणाचं दार म्हणायचं ते?"

मी म्हटलं, "म्हाताऱ्या माणसाच्या बोलण्याचं काय घेऊन बसलात?"

"न्हाई, न्हाई. तुमी शिकल्याल्या. तुमचं बोलणं मोजून-मापून." त्यानं कप खाली ठेवला. "जपून ऱ्हावा. एकट्याच असता न्हवं?"

ते गेल्यावर मी कडी लावली.

इथवर लिहून ठेवलं होतं. पुढचं सहा दिवसांनी लिहिते आहे.

त्या दोघांनंतर दुसऱ्याच दिवशी सकाळी कौसल्या आली, रामभाऊंची बायको. कडी काढायला मला इतका वेळ लागला की ती पायरीवर बसली होती. मला वाटलं, शिव्या देईल. तिनं आधी पाणी मागितलं.

"बाई, ती दोगं तुमच्याकडनं निगाली ती थेट आमच्याकडंच आली," ती म्हणाली. "सांज व्हायच्या आत. नुसती अंगणात हुबी ऱ्हायली, कोंबड्या मोजल्या आन् गेली. ह्यांनी कालपास्नं भाकर खाल्ली न्हाई."

मी म्हटलं, "कौसल्या, दोन्ही वेळा मीच केलं गं."

"व्हय," ती म्हणाली. नुसतं 'व्हय'. खोटं नाही बोलली, आणि त्यानं मला कसा कोण जाणे धीर आला.

मग तिनं त्या मंगळवारचं सांगितलं, जे तुम्ही मला कधी सांगितलं नव्हतं. तुम्ही मला एवढंच म्हणाला होता, "बसले होते, आणि काय!" ती म्हणाली, "ताई वट्यावर बसल्या आन् मला म्हनल्या, काय तरी निवडाय आण. मी म्हनलं, तांदूळ निवडल्यालं हाईत. तर म्हनल्या, आस्तील. आण तू. हात नुसता लटलट कापत हुता, बाई. रस्त्यावनं जीप गेली की सूप डुगडुगायचं. दिवसभर निवडल्यालंच तांदूळ निवडलं त्यांनी. जीप चारदा आली आन् चारदा गेली."

वन्सं, मला कायम वाटायचं की तुम्हाला भीती नावाचं काही ठाऊकच नाही, आणि म्हणून तुम्हाला सगळं सोपं जातं. तुमचा मला थोडा रागही यायचा त्यासाठी. ऋताला आता काय लिहू? घाबरली होती का, असं ती विचारते. हो. घाबरली होती. खूप.

कौसल्या उठली तेव्हा मी विचारलं, "मी येऊ का तुझ्याकडे?"

तिनं माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. सत्तरीची बाई, चष्मा, गुडघ्याला पट्टा. म्हणाली, "तुमाला बगून कोण भिणार, बाई?" आणि मग पायरी उतरताना, "या. पर संगं औशीद-पाणी घिऊन या."

तुमच्याकडे आमदारकी होती. माझ्याकडे काही नाही, हे मला माहीत आहे. पण त्या दोघांना अंगणात साक्षीदार नको असतात, एवढं नियमांचं पुस्तक न वाचताही कळलं मला.

गेले पाच दिवस मी रोज सकाळच्या एसटीनं जाते आणि संध्याकाळच्या गाडीनं परत येते. ओट्यावर बसते. रामभाऊ पहिले दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः एक पोतं घडी करून माझ्या पाठीशी ठेवलं. चौथ्या दिवशी जेवले.

आज दुपारी जीप आली. थांबली. थोरला खाली उतरला.

"अगंबाई, काकी! हिकडं कुठं?"

"इथंच."

"कुणाकडं म्हणायचं?"

"या घरी."

"किती दिस हाय मुक्काम?"

"अजून ठरवलं नाही."

तो उभा राहिला. मी त्याच्याकडे पाहत राहिले, कारण दुसरीकडे पाहिलं असतं तर मला रडू आलं असतं. दारात रामभाऊ येऊन उभे राहिले. मागं कौसल्या. शेजारच्या घरातली एक बाई, पाच वर्षांत जिनं या घराकडे मान वळवली नव्हती, ती हातातली बादली तशीच घेऊन कुंपणाशी आली. थोरल्यानं एकदा सगळ्यांकडे पाहिलं, चप्पल झटकली आणि जीपमध्ये बसला.

धूळ खाली बसल्यावर कौसल्या म्हणाली, "चला बाई, आत चला, भाकर खावा."

मी म्हटलं, "बसते जरा."

ती माझ्याकडे बघून हसली. तिला वाटलं, मी ताईंसारखी ठाम बसले आहे. मुलांनाही मी असंच लिहून कळवू शकते की तुमची आजी उठली नाही. पण तुम्हाला खरं सांगते, वन्सं. माझे पाय इतके गळून गेले होते की मला उठताच येत नव्हतं.